‘नादी लागला’ म्हणजे नेमकं काय झालं?

मराठीत ‘कल्ट’ला नेमका शब्द नाही. डच लोकांकडे आहे, ‘सेक्टे’, आणि तो उच्चारताना ते जरा आवाज खाली आणतात. आपण ‘पंथ’ म्हणावं तर त्यात नाथपंथही आला. ‘संप्रदाय’ म्हटलं की डोळ्यांपुढे वारकरी उभे राहतात. ‘बुवाबाजी’ म्हटलं तर सगळा दोष बुवाच्या पदरात, आणि ‘नादी लागला’, ‘भजनी लागला’, ‘आहारी गेला’ म्हटलं तर सगळा दोष जाणाऱ्याचा. एक शहाणासुरता माणूस आणि एक गट यांच्यामध्ये जे घडतं त्याला आपण नावच दिलेलं नाही. नाव नाही म्हणून त्यावर बोलणंही होत नाही. फार तर ‘अमक्याची सून कुठल्याशा केंद्रात जाते म्हणे’ एवढं होतं. म्हणून हा लेखप्रपंच.

हॉलंडात बसून हा विषय काढायला कारण आहे. या सपाट आणि हिशेबी देशाने आपल्याकडच्या गुरूंना भरपूर जागा दिलेली आहे. महर्षी महेश योगी १९९० पासून २००८ साली निधन होईपर्यंत इथेच, लिम्बुर्खमधल्या फ्लोड्रॉप गावी राहिले. ओमेनच्या जंगलात काय घडलं ते पुढे सांगतोच. पण सगळ्यांत जवळचं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे.

१९७४ च्या मार्चमध्ये रजनीश मुंबईहून पुण्याला, कोरेगाव पार्कात आले. त्या काळात पुण्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना ते भगव्या झग्यातले गोरे लोक आठवत असतील. गळ्यात एकशे आठ मण्यांची माळ, माळेला गुरूंचा फोटो. पेठांमध्ये त्यांच्याबद्दल ज्या कथा चालायच्या त्या मंडळाच्या अंकात छापण्यासारख्या नाहीत. पुणेकरांनी त्यांच्याकडे तमाशा म्हणून पाहिलं. हे लोक आले कुठून, घरी काय सोडून आले, हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्यांत डच लोक बरेच होते, आणि ते काही वाया गेलेले नव्हते. यान फाउडराइन हे नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ. मनोरुग्णालयांवर टीका करणारं त्यांचं १९७१ सालचं पुस्तक इथे घरोघरी पोचलं होतं. ते स्वामी देव अमृतो झाले. लोकप्रिय गायक रामसेस शाफीनेही संन्यास घेतला. म्हणजे गंमत बघा. आपण तिकडून इकडे आलो ते नोकरी, शिस्त आणि वेळेवर सुटणारी ट्रेन यांच्यासाठी. आणि हे सगळं ज्यांना जन्मतःच मिळालं होतं ते विमानात बसून आपल्या पुण्याला चालले होते!

का गेले असतील? साठच्या दशकापर्यंत डच समाज ‘खांबां’मध्ये वाटलेला होता. कॅथलिकांचा एक खांब, प्रोटेस्टंटांचा दुसरा, समाजवाद्यांचा तिसरा. शाळा आपल्या खांबाची, वर्तमानपत्र आणि रेडिओ आपल्या खांबाचा, कामगार संघटना आणि बऱ्याचदा लग्नसुद्धा खांबातल्या खांबात. आपल्या जातीपातींची आठवण व्हावी असाच प्रकार. दहा-पंधरा वर्षांत ते सगळं ढासळलं, चर्च ओस पडली. माणूस मोकळा झाला आणि एकटाही झाला. रविवारी सकाळी कुठे जायचं, मूल झालं की कुणाला सांगायचं, बाप गेला की रडायचं कुणाजवळ, हे आधी ठरलेलं असायचं. आता काहीच ठरलेलं नव्हतं. त्या पोकळीत पुण्याचं आमंत्रण आलं.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की आपलाही खांब आपण सामानाबरोबर आणू शकलेलो नाही. आत्या, मावशी, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं, कुणाच्याही दारात न सांगता जाण्याची मुभा, हे सगळं तिकडेच राहिलं. इथे शेजाऱ्याकडे कॉफीला जायचं तर डायरी काढावी लागते. नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडतो. नवरा ऑफिसात, मूल शाळेत, बायकोची तिकडची चांगली नोकरी सुटलेली, आणि डच येत नाही म्हणून इथली मिळत नाही.

‘चला, आज आपण एका कल्टमध्ये दाखल होऊ’ असं म्हणून कुणीही घरातून निघत नाही. माणूस जातो तो सोबतीला. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं (मुलगी म्हणजे तिशीची, इंजिनियर) असंच झालं. लायब्ररीत एक बाई भेटल्या, नाव विचारलं, पुढच्या वेळी ते लक्षात ठेवलं. गुरुवारी सूप आणि ध्यान. मग शनिवार-रविवारचं शिबिर. शिबिरात लोकांनी तिचं बोलणं ऐकून घेतलं, जवळ घेतलं, रडू दिलं. ती म्हणाली, “काकू, दीड वर्षात मला इथे कुणी विचारलंच नव्हतं गं कशी आहेस म्हणून!” तिचं यात काय चुकलं? काहीच नाही. पुढचा वर्ग मात्र महाग होता, त्याच्या पुढचा त्याहून महाग. नवऱ्याला हे ‘अजून कळणार नाही’ म्हणून त्याला सांगायचं नव्हतं. तिथे ती थबकली, कारण सोलापूरच्या घरात पैशाचं लपवायचं नाही हा नियम लहानपणापासून अंगात भिनलेला.

सगळ्यांवर जादू होते असंही नाही. लंडनच्या समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी कोरियाच्या मून यांच्या युनिफिकेशन चर्चचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं. शिबिराला आलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक सामील झालेच नाहीत, आणि झाले त्यांतले बहुतेक दोनेक वर्षांत बाहेर पडले, असं त्यांना आढळलं. ‘मेंदू धुतला’ म्हणून आपण मोकळे होतो ते तितकंसं खरं नाही. पण जे राहतात त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

रजनीशांचे लोक राहिले. १९८१ मध्ये गुरू अमेरिकेला गेले आणि ऑरेगनच्या माळरानावर रजनीशपुरम उभं राहिलं. बिनपगारी बारा-बारा तास राबणाऱ्यांत डॉक्टर होते, वकील होते. गुरूंसाठी त्र्याण्णव रोल्स रॉईस गाड्या आल्या. १९८४ च्या शरदात त्यांच्यातल्या काहींनी शेजारच्या द डॅल्स गावात हॉटेलांतल्या सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली. मतदार अंथरुणाला खिळले की स्थानिक निवडणूक आपली, असा हिशेब! ध्यान करायला पुण्याला गेलेला माणूस तिथवर कसा पोचतो? एका उडीत नव्हे. आधी कपड्यांचा रंग बदलला, मग नाव, मग मित्र, मग बँकेतले पैसे, मग बातमी कुणाकडून ऐकायची तेही. मागे वळावं म्हटलं तर वळायला जागाच राहिली नाही.

मोठी माणसं निदान आपल्या पायांनी गेली. मुलांना कुणी विचारलं होतं? डच चित्रपटकर्त्या मारुश्या पेरिझोनियस आईबरोबर याच कम्यूनमध्ये वाढल्या. त्यांनी ‘कम्यूनेकिंड’ हा माहितीपट २००४ मध्ये केला आणि २०२४ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द कल्ट’. त्या दुसऱ्या चित्रपटात आता पन्नाशीत पोचलेल्या बायका लहानपणी कम्यूनमध्ये झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल बोलतात. बघवत नाही, पण बघावा.

मग धर्म वेगळा कशाने? विचित्र श्रद्धा हे उत्तर नव्हे. तसं म्हटलं तर आपल्या पोथ्यांतही कमी चमत्कार नाहीत. संख्या किंवा वयही नव्हे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत ठेवले आणि बाहेरच्यांनी त्यांच्याबद्दल हवं ते बोलून घेतलं. लिपी उलगडल्यावर हाती काय आलं? ‘लीळाचरित्रा’सारखं मराठी गद्याचं सोनं. तेव्हा आपल्याला कळत नाही ते सगळं वाईट, असं म्हणू नये.

आम्हाला फरक दिसतो तो वारकऱ्याकडे बघून. तो माळ घालतो, एकादशी करतो, आषाढीला पंढरपूरला चालत जातो, आणि काला झाला की घरी परत येतो. घर, शेत, बायको, सावकाराचं देणं, सगळं जिथल्या तिथे. एखाद्या वर्षी वारी चुकली तर हळहळेल, पण त्याला घरातून कुणी बोलावायचं बंद करत नाही. माणूस वारकऱ्यांच्याच पाया पडतो आणि वारकरी उलट त्याच्या पाया पडतो. (तिथेही सगळे संतच असतात असं नाही, हे पंढरपूरकर मंडळी अधिक चांगलं सांगतील.) याउलट जिथे परतीची वाटच कापली जाते, प्रश्न विचारणं हाच दोष ठरतो आणि सोडून गेलेल्याशी सख्ख्या भावानेही बोलायचं नसतं, तिथे देवाचं नाव कितीही मोठं असो, आम्ही त्याला धर्म म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर जुने धर्मही या खोडीपासून मुक्त नाहीत. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचं नाव न घेणारी घरं आपण पाहिलेली आहेत.

भारतातलाच गुरू लागतो असंही नाही. ॲमस्टरडॅमला वाम मासे विकणारा लू, ‘लू द पालिंगबूर’, स्वतःला देव म्हणवू लागला, आणि त्याला मरण नाही यावर त्याचे भक्त ठाम होते. १९६८ साली तो वारला. तरी काही भक्त राहिलेच! डच लोक त्याच्यावर आजही विनोद करतात. पण २०१९ च्या ऑक्टोबरात द्रेन्ते प्रांतातल्या राउनरवोल्ड गावी एक तरुण कॅफेत शिरला आणि मदत मागू लागला तेव्हा कुणाला हसू आलं नाही. वडील आणि भावंडं नऊ वर्षं एका शेतघरात जगापासून तुटून राहत होती. शाळा नाही, मुलांची सरकारदरबारी नोंदही नाही. वडील पूर्वी मून यांच्या चर्चमध्ये होते, नंतर त्यांनी स्वतःचाच धर्म काढला. एका घराचा कल्ट! पक्षाघातामुळे ते खटल्याला तोंड देण्याच्या स्थितीत नव्हते म्हणून २०२१ मध्ये खटला थांबला.

सरकार काय करतं? डच संसदेच्या समितीने नव्या धार्मिक चळवळींचा अभ्यास करून १९८४ साली अहवाल दिला: सर्वसाधारणपणे लोकांच्या मनःस्वास्थ्याला धोका नाही, वेगळ्या कायद्याची गरज नाही. श्रद्धेला हात लावायचा नाही, गुन्ह्याला सोडायचं नाही, असा एकूण सूर. महाराष्ट्रही शेवटी त्याच वाटेने गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यातही देवाधर्मावर बंदी नाही. ठरावीक अघोरी कृत्यांची यादी आहे. पण सज्ञान माणसाने राजीखुशीने पगार नेऊन दिला तर हेगमध्ये काय आणि मुंबईत काय, पोलीस काहीच करू शकत नाहीत. तिथे घरच्यांनीच काही करायचं असतं, आणि घरचे नेमके भांडतात. भांडण झालं की ‘घरचे विरोध करतील’ हे केंद्रातलं भाकीत खरं ठरतं. त्या इंजिनियर मुलीचा नवरा भांडला नाही. दर गुरुवारी तिला न्यायला तो गाडी घेऊन बाहेर उभा राहायचा, एवढंच. आता ती येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करते आहे.

आता ओमेन. १९०९ साली मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिस्टांनी एका तेलुगू मुलाला हेरलं: हाच येणारा जगद्गुरू! १९११ मध्ये त्याच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना निघाली. डच बॅरन फान पालांट यांनी ओमेनजवळचा एर्डेचा वाडा आणि जंगलजमीन त्याला देऊन टाकली. दर उन्हाळ्यात तिथे तंबू पडत, देशोदेशीचे भक्त येत. ३ ऑगस्ट १९२९ ला सुमारे तीन हजार सभासद आणि खुद्द ॲनी बेझंट यांच्यासमोर चौतीस वर्षांचे जे. कृष्णमूर्ती उभे राहिले आणि त्यांनी संघटना बरखास्त केली. मला अनुयायी नकोत, म्हणाले. वाडा आणि जमिनी ज्यांच्या त्यांना परत केल्या. काय वाटलं असेल त्या तीन हजारांना? अठरा वर्षं वाट पाहिली, देणग्या दिल्या, घरादारांत वाद घातले, आणि देवच म्हणतो मी देव नाही!

त्यांतले कित्येक तरीही त्यांना ऐकायला येत राहिले. कृष्णमूर्ती १९८६ पर्यंत बोलत राहिले. त्यांच्या नावाच्या संस्थेची एक शाळा, ‘सह्याद्री’, १९९५ पासून आपल्या राजगुरुनगरजवळ डोंगरावर आहे. एर्डेच्या वाड्यात १९३४ मध्ये क्वेकरांनी शाळा काढली, तिथे जर्मनीतून पळालेली ज्यू मुलं शिकली. आणि तंबूंच्या जागेवर युद्धात ‘कॅम्प एरिका’ ही छळछावणी उभी राहिली. झ्वोल्लेला गाडी बदलून एमेनकडे जाणारी गाडी धरली की ओमेन लागतं. उन्हाळ्यात मंडळाची सहल तिकडे न्यायचा विचार आहे. डबे आपापले आणावेत.