अंबरपेठेतल्या जुन्या अंगणात चारमिनार शोधताना

वाडवडिलांच्या घराचं अंगण अजून फरशीखाली गेलं नसेल, तर मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी हैदराबादची नाणी ओळखायला शिका. अंबरपेठेसारख्या मुसीकाठच्या जुन्या वस्तीत मनात असतो तो निजामाचा हाली सिक्का. हे चलन १९५९ पर्यंत चाललं. चांदीचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के. त्यावर चारमिनार आहे आणि खरी गंमत त्याच्या मधल्या कमानीत आहे! तिथे ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणं मीर महबूब अली खानांच्या काळातलं, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानांचं. साल हिजरी असतं. १३३० म्हणजे साधारण १९१२.

साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू जेमतेम वीतभर खोलीपर्यंत कळते. खिळे, पत्रे, बाटल्यांची झाकणंच जास्त वाजतात.

नाणं मिळालं तर चिंच किंवा राखेनं घासू नका, माझी कळकळीची विनंती! जुना थर गेला की अक्षरंही झिजतात. जागेचा, खोलीचा फोटो आधी काढा.

आणि जमीन आपली म्हणून ठेवाही आपलाच, असं कायदा मानत नाही. पुरलेलं धन सापडलं की तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. परदेशातल्या नातलगांना ती भेट म्हणूनही पाठवता येत नाही. संरक्षित वास्तूजवळ तर यंत्र काढूच नका.

अस्सल नमुने पाहायचे असतील, तर सैफाबादच्या जुन्या टांकसाळीतलं संग्रहालय गाठा.