सांगली ते म्हसवड : जवळचा रेडिओ

आकाशवाणी सांगली : सुरुवात १९६३. मीडियम वेव्ह, १२५१ किलोहर्ट्झ. या लहरी जमिनीलगत लांबवर जातात, रात्री आणखी लांब. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो.

सामुदायिक रेडिओ : स्थानिक लोकांसाठीचे छोटे एफएम केंद्र. सरकारी नाही, खासगी धंद्याचेही नाही. आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी. नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही. देशातले पहिले केंद्र चेन्नईचे अण्णा एफएम (१ फेब्रुवारी २००४). या भागातली केंद्रे :

• माणदेशी तरंग वाहिनी : म्हसवड, ता. माण, जि. सातारा. २००८ पासून, ९०.४ मेगाहर्ट्झ. चालवणारी संस्था माणदेशी फाउंडेशन. माणदेशी महिला सहकारी बँकही (१९९७) याच गावची.

• येरळावाणी : जालिहाळ, ता. जत, जि. सांगली.

२००६च्या धोरणातील अटी : प्रक्षेपणशक्ती साधारण १०० वॅट, म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बाएवढी. मनोरा ३० मीटरपर्यंत. पल्ला ५ ते १० किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक हवेत. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. हवामान, परीक्षा, वाहतूक यांची माहिती चालते. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेचीही.