शेवटचा रकाना

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यापर्यंत चढलं. त्या कप्प्यात माझ्या सोळा डायऱ्या होत्या, दर जानेवारीला एलआयसीच्या एजंटकडून फुकट मिळालेल्या. पुढचा आठवडा चिखल उपसण्यात गेला. डायऱ्यांची आठवण झाली तेव्हा त्यांचा लगदा व्हायला आला होता. गच्चीत दोरीवर चिमटे लावून पानं वाळत घातली. बायको म्हणाली, "घरातले तांदूळ गेले आणि तुम्ही हे काय वाळवताय?" उत्तर नव्हतं. बॉलपेनाने लिहिलेलं बरंचसं शाबूत राहिलं, जेलपेनाचं मात्र निळं पाणी होऊन गेलं.

त्या डायऱ्यांत मी फुटबॉलचा रेफ्री म्हणून घेतलेल्या सामन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, मैदान, संघ, निकाल, कार्डं. आणि शेवटचा रकाना, जो मी कधी कुणाला दाखवला नाही : कोण काय बोललं.

शिट्टी माझ्या हातात आली ती 2005 च्या पुरानंतर. 26 जुलैच्या त्या पुराला तीन आठवडे झाले होते. पोरांना कधी एकदा मैदानात उतरतो असं झालेलं. खेडहून येणारा रेफ्री परशुराम घाटात दरड आल्यामुळे पलीकडेच अडकला. मी बॅकला खेळायचो, त्या दिवशी घोटा सुजला म्हणून बाहेर बसलो होतो. "तुम्हीच घ्या," असं म्हणून कुणीतरी शिट्टी हातात कोंबली. तेव्हा नियम मला खेळाडूला असतात तेवढेच ठाऊक होते, म्हणजे स्वतःच्या सोयीचे. लोट्याच्या एमआयडीसीतल्या पाळ्या सांभाळून पुढची सोळा वर्षं मी शिट्टी वाजवली.

पहिल्या दोन वर्षांचा शेवटचा रकाना आता वाचताना हसू येतं. "मस्त घेतलीत मॅच." "असा रेफ्री पाहिजे." "काका, एक नंबर." निकालाचा रकाना शेजारीच आहे. बोट ठेवून बघितलं तर यातलं एकूण एक वाक्य जिंकलेल्या संघाचं. हरलेल्यांच्या नावापुढे एक तर रेघ, नाहीतर लिहिता येणार नाही असं काही. माझं काम दोन्ही दिवशी सारखंच असायचं. तरी रात्री झोपताना मला जिंकलेल्यांचं वाक्य खरं वाटायचं आणि हरलेल्यांचं रागातलं. माणूस स्वतःचा वकील फार लवकर होतो.

2006 च्या डायरीत एक नोंद टीव्हीवरच्या सामन्याची आहे. विश्वचषकातला क्रोएशिया–ऑस्ट्रेलिया सामना, आपल्याकडे रात्री साडेबाराला. इंग्लंडचा ग्रॅहम पोल रेफ्री, त्या काळातल्या नावाजलेल्यांपैकी. त्याने क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्या कार्डालाच बाहेर काढायला हवं होतं, ते निसटलं. त्या विश्वचषकात त्याला पुढे सामना मिळाला नाही. मी खाली लिहिलंय, "याला इतकी वर्षं किती जण एक नंबर म्हणाले असतील."

आपल्याकडे कौतुकाची रीत लाऊडस्पीकरची. जाखडीच्या बारीत एखादी चाल जमली की अमुक वाडीच्या तमुकांकडून एकावन्न रुपयांचं बक्षीस पुकारलं जातं आणि बुवा मान लववून पुढे गातो. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेत षटकाराला शंभर, हॅट्ट्रिकला पाचशे. कॉमेंट्रीवाला नावागावासकट सांगतो. रेफ्रीच्या नावाने बक्षीस पुकारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. त्याचा नंबर आभारप्रदर्शनात लागतो, मंडपवाले आणि चहावाले यांच्या मधे. एका स्पर्धेत तर आभार मानणाऱ्याने मला "ज्यांनी मैदान आखून दिलं ते" असं म्हटलं. शाल मिळाली. फक्की मारणारा पोरगा शाल बघत राहिला.

उत्तम रेफ्री तोच जो दिसत नाही, असं म्हणतात. हे वाक्य बहुधा ज्यांनी कधी शिट्टी वाजवली नाही तेच म्हणतात. नव्वद मिनिटं चिखलात धावून घरी आल्यावर आपण दिसलोच नाही हे ऐकून कुणाला बरं वाटतं? मला नाही वाटायचं. पण एक नोंद आहे, 2011 ची. पवन तलावाच्या मैदानाजवळ सामन्यानंतर चहा पीत उभा होतो, पाठमोरा, छत्रीआड. मागे दोन म्हातारे बोलत होते. एक म्हणाला, "बरा हाय हो ह्यो रेफ्री." दुसरा म्हणाला, "बरा हाय. पेनल्टी नव्हती ती, पन बरा हाय." या भागात "बरा हाय"च्या पुढे कौतुक सहसा जात नाही. शिवाय ते माझ्यासाठी बोललेलं नव्हतं आणि त्यात माझी चूकही धरलेली होती. सोळा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेली ओळ ही.

कौतुक करायला मी ते ऐकण्यापेक्षा उशिरा शिकलो, आणि वाईट रीतीने.

एकदा एका फॉरवर्डने कॉर्नरवरून आलेला चेंडू हवेतच घेतला आणि जाळीत मारला. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. मोठ्याने. ज्यांच्यावर गोल झाला त्या संघाचा कॅप्टन माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यानंतर मी दिलेला प्रत्येक फाऊल त्यांना त्या "वा!"शी जोडलेलाच दिसला. त्यांचं चुकलं नव्हतं. रेफ्रीचं कौतुक मैदानावर एकालाच ऐकू जात नाही, बावीस जणांना जातं. पुढे मी गोलावर तोंड उघडणं बंद केलं. बोलायचं ते चेंडू बाहेर गेल्यावर, शेजारून पळताना, खालच्या आवाजात. तेही खेळाबद्दल नाही, आवरलेल्या रागाबद्दल. "हात मागे घेतलास, बरं केलंस." मैदानावर शिट्टीपेक्षा जास्त भांडणं मी या वाक्याने मिटवली असतील.

रेफ्रीच्या खिशात दोनच कार्डं असतात आणि दोन्ही शिक्षेची. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून ती आहेत. इंग्लंडच्या केन ॲस्टनला वाहतुकीच्या सिग्नलवरून ती सुचली. शाबासकीचं कार्ड त्या रांगेत नाही. पोर्तुगालमध्ये पांढरं कार्ड काढलंय. जानेवारी 2023 मध्ये बेनफिका आणि स्पोर्टिंग यांच्या महिला संघांच्या सामन्यात एका आजारी माणसाच्या मदतीला दोन्हीकडची वैद्यकीय पथकं धावली, तेव्हा रेफ्री कातारिना काम्पोस हिने ते त्यांना दाखवलं. स्टेडियमभर टाळ्या झाल्या. बातमी वाचून मला एका पोराची आठवण झाली आणि टाळ्यांची थोडी धास्तीही वाटली.

तो शाळेच्या संघाचा गोलकीपर. चौदा वर्षांखालचा अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं, बरोबरी. चेंडू गोलरेषेबाहेर गेला. माझ्यासमोर चौघं उभे, मला काही दिसलं नाही; मी गोलकिक दिली. पोरगा चेंडू घेऊन माझ्याकडे आला, हातमोजा वर करून म्हणाला, "सर, माझ्या बोटाला लागला." मी कॉर्नर दिला. त्या कॉर्नरवर गोल झाला आणि त्याचा संघ हरला.

मला राहवेना. बक्षीस समारंभात आयोजकांच्या मागे लागून मी त्याला स्टेजवर बोलवायला लावलं. माईकवरून सगळी हकिकत सांगितली, पाहुण्यांनी खिशातून एकशे एक रुपये दिले, टाळ्या पडल्या. पोरगा खाली मान घालून उभा. मला वाटलं, लाजतोय. स्टेजवरून उतरला तेव्हा त्याच्याच संघातला एक जण ओरडला, "आला रे, राजा हरिश्चंद्र!"

काही वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला, कॉलेजला जाणारा झाला होता. मला ओळखून पाया पडला. मी त्या सामन्याचा विषय काढला तर हसला. "त्या पैशांचे सगळ्यांना वडापाव दिले, सर. पण नाव तेच राहिलं." आता सगळे हऱ्या म्हणतात, म्हणाला. घरीसुद्धा. माझ्या डायरीत त्या दिवशीच्या शेवटच्या रकान्यात पाहुण्यांचं वाक्य आहे : "रेफ्रींनी चांगला आदर्श पुढे आणला." जेलपेनाने लिहिलेलं, पण नेमकं तेच पान कोरडं राहिलं.

15 सप्टेंबर 2017 च्या नोंदीबद्दल मात्र काही तक्रार नाही. भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक होणार म्हणून त्या दिवशी राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला. सकाळपासून मी पाच-पाच मिनिटांचे सामने घेत होतो. साडी खोचून शिक्षिका गोलमध्ये उभ्या, चेंडूमागे वीस पोरं एका घोळक्यात. दुसरीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "सर, तुम्ही कुठल्या टीमचे? तुम्हाला कोणी पास का देत नाही?"

कोल्हापूर राहिलंच. 2013 मध्ये कुंभार्ली घाट चढून, कराडमार्गे, शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघायला गेलो होतो. तिथे फुटबॉल पेठेच्या अब्रूचा मामला असतो आणि रेफ्रीला गॅलरी काय काय म्हणते ते इथे छापता येणार नाही. तिथल्या एका जुन्या रेफ्रीशी ओळख झाली. पुढे एकदा कामानिमित्त ते चिपळुणात आले आणि माझा सामना बघायला थांबले. मी शर्ट पिळत त्यांच्यापुढे उभा राहिलो, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या हाफात तो डावीकडून कॉर्नर झाला, तवा तुम्ही कुठं हुता?" मी सांगितलं. "हां," म्हणाले आणि चहाकडे वळले. मी हिरमुसलो. त्यांनी त्या एका कॉर्नरला चेंडूवरची नजर काढून माझ्यावर ठेवली होती, हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

2021 च्या पुरानंतर गुडघ्याने साथ सोडली. आता शिट्टी एक पंचवीस वर्षांचा मुलगा वाजवतो आणि मी कडेला खुर्ची टाकून बसतो. गेल्या ऑगस्टमध्ये धो धो पावसात त्याचा पहिला मोठा सामना झाला. त्याची शिट्टी आत गोळी असलेली. आमच्या पावसात ती गोळी फुगते, चिखल धरते आणि ऐन वेळी नुसती फुस्स होते. कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्टच्या शिट्टीतली गोळी बास्केटबॉलच्या सामन्यात अशीच अडकली, म्हणून त्याने बिनगोळीची शिट्टी घडवली. फॉक्स फॉर्टी, 1987 पासून मिळते. पोराची दोनदा फुस्स झाली. मग त्याने दोन्ही हात वर करून, ओरडून खेळ थांबवला.

सामना संपल्यावर चिखल निथळत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "काका, कशी झाली?"

मी विचारलं, "तो हँड दिलास तेव्हा कुठे होतास?"

"डाव्या बाजूला. बॉक्सच्या कडेला. तिथून हात दिसत होता."

"बरोबर होतास," मी म्हटलं. तो थोडा वेळ उभा राहिला, आणखी काही येतंय का बघत, आणि मग चपला शोधायला गेला.

घरी येऊन नवी डायरी काढली. आता बॉलपेनानेच लिहितो, आणि शेवटच्या रकान्याचं नाव बदललंय : मी कुणाला काय बोललो. लिहिलं : "पाऊस. पोरगा हँडच्या वेळी नीट जागेवर होता. सांगितलं. शिट्टीचं सांगायचं राहिलं."