बेटावर गाडी ठरवताना

सहकुटुंब सहल : लेखांक ६

भंडाऱ्यात सहलीची गाडी ठरवायची म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो : किलोमीटरला किती? शेगाव असो, पचमढी असो की बारशाला बालाघाट, बोलणी याच आकड्याभोवती फिरतात. दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरायचे, चालकाचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग आपल्याकडे. वैनगंगेच्या या मुलखात रस्ता रस्त्याला जोडलेला आहे. सकाळी दारात आलेली गाडी रात्री त्याच दारात सोडते. त्यामुळे हा हिशेब आपल्याला पाठ आहे आणि इथे तो बरोबरच आहे.

अंदमानला मात्र त्याचा उपयोग होत नाही. स्वराज द्वीपवर धक्क्यापासून राधानगर किनारा दहा-बारा किलोमीटरवर. तेवढ्या अंतराचं भाडं ऐकून आपल्याकडची माणसं चक्रावतात आणि लुबाडल्याची भावना घेऊनच गाडीत बसतात. खरं कारण वेगळं आहे. बेटावरची प्रत्येक गाडी, तिचा प्रत्येक सुटा भाग आणि टाकीतलं पेट्रोल मुख्य भूमीवरून जहाजानं आलेलं असतं. चालकाचा हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. तुम्हाला किनाऱ्यावर सोडल्यावर तो बहुतेक वेळा रिकामा परततो किंवा झाडाखाली तुमची वाट बघत थांबतो. तुम्ही त्याचे किलोमीटर घेतच नसता, त्याचा अर्धा दिवस घेत असता. बेटावरच्या गाडीचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. तिथे गाडी निवडायची ती बोटीची वेळ, माणसं आणि सामान पाहून. अंतर सर्वांत शेवटी.

मागच्या लेखांकात आपण नागपूरहून कोलकाता किंवा चेन्नईमार्गे श्री विजयपुरमला पोहोचलो. पोर्ट ब्लेअरचं हे नाव सप्टेंबर २०२४ पासूनचं. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, पण हॉटेलवाले, बोटवाले आणि चालक अजून दोन्ही नावं वापरतात. आरक्षणाच्या कागदावर जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका, ठिकाण तेच आहे.

आता मुख्य मुद्दा. पाच-सहा रात्रींच्या सहलीत साधारणपणे दोन रात्री श्री विजयपुरमला, दोन स्वराज द्वीपला, एक शहीद द्वीपला आणि परतीच्या आदली पुन्हा श्री विजयपुरमला असा क्रम असतो. या बेटांमधल्या वेगवान खासगी बोटी फक्त माणसं आणि त्यांच्या बॅगा नेतात, गाड्या नेत नाहीत. म्हणजे तुमच्या सहलीत एक गाडी नसून तीन बेटांवरच्या तीन वेगळ्या गाड्या आणि तीन वेगळे चालक असतात. नागपूरचा किंवा भंडाऱ्याचा एजंट ‘सगळीकडे गाडी आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्या वाक्यात फार काही मावतं. गाडी फक्त आपल्यासाठी की दुसऱ्या कुटुंबाबरोबर? धक्का ते हॉटेल एवढंच सोडणार, की दिवसभर सोबत राहणार? बहुतेक पॅकेजांत स्वराज द्वीपवरची गाडी ठरलेल्या दोन-तीन फेऱ्यांपुरती असते. संध्याकाळी हॉटेलवर सोडलं की चालक मोकळा. मग रात्री आजीला जेवायला बाजारात न्यायचं असेल, तर अंधाऱ्या रस्त्यावर वेगळी रिक्षा शोधा. हे आधी माहीत असेल तर अडचण नाही, तेवढी एक फेरी वेगळी ठरवता येते.

म्हणून एजंटकडून प्रत्येक बेटाचा कागद वेगळा मागा. कोणती गाडी, किती आसनी, कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या ठिकाणांना जाणार, वातानुकूलन किनाऱ्यावर थांबलेलं असतानाही चालू ठेवणार का. शेवटचा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतो. तिथल्या दमट दुपारी लहान मूल गाडीत झोपलेलं असतं तेव्हा तो क्षुल्लक राहत नाही.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. भंडारा पूर्व रेखांशाच्या साधारण ७९.६ अंशांवर आहे आणि श्री विजयपुरम ९२.७ अंशांवर. दोघांतलं अंतर १३ अंशांचं. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा जवळजवळ ५२ मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणाम असा, की डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पावणेसहापर्यंत किनाऱ्यावर काळोख दाटतो. आपण इथल्या सवयीनं ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सात’ अशी गाडी ठरवतो. पहाटेचा सुंदर उजेड हॉटेलात चहा-नाश्त्यात जातो आणि शेवटचे दोन तास अंधारात. तेच नऊ तास सकाळी सातपासून घ्या. राधानगरला सूर्यास्त बघायचा असेल तर चारच्या आत किनाऱ्यावर पोहोचायचं आणि तिथून परतताना गाडी हवीच. परतीच्या वेळी सगळे एकदमच निघतात आणि न ठरवलेल्या माणसाला ऐनवेळी गाडी मिळणं कठीण होतं. श्री विजयपुरमहून चिडिया टापूला सूर्यास्ताला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, रस्ता वळणांचा आणि जंगलातून जाणारा आहे.

बाराटांगचं प्रकरण पूर्ण वेगळं. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, नोंद होते आणि पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्यानं सोडतात. वाटेत थांबायचं नाही, काच खाली करून खाऊ द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. हे नियम कडक आहेत आणि कडक असायलाच हवेत. बाहेरून आलेला साधा सर्दी-खोकलाही त्या लोकांच्या जिवावर बेतू शकतो. पहिल्या ताफ्यासाठी शहरातून पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. चालक म्हणाला, ‘उशिरानं निघालो तरी चालेल’, तर समजावं की तो पहिला ताफा सोडून देतोय आणि तुमची अर्धी दुपार नाक्यावर जाणार आहे. गुडघे दुखणारी किंवा गाडी लागणारी माणसं सोबत असतील तर बाराटांग त्यांच्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना त्या दिवशी शहरात राहू द्या. सेल्युलर जेल शांतपणे बघायला एक अख्खा दिवस कमीच पडतो. फक्त त्या दिवशी जेल उघडा आहे ना, एवढं आधी विचारून घ्या.

आता गाडीचा आकार. सहा माणसं म्हणजे सात आसनी गाडी, हे गणित आपण डोळे मिटून करतो. लग्नाच्या वरातीला ते चालतं, कारण तेव्हा बॅगा नसतात. अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेची आसनं उघडी असताना मागे सामानाला २०९ लिटर जागा उरते. मोठी ट्रॉली बॅग जवळपास शंभर लिटरची. म्हणजे सहा माणसं आणि दोन मोठ्या बॅगा झाल्या की गाडी भरली. तिसरी बॅग मांडीवर. याउलट डिझायरसारख्या गाडीची डिकी पावणेचारशे लिटरच्या आसपास आहे. म्हणून सहा जणांना विमानतळ आणि धक्क्याच्या फेऱ्यांना दोन छोट्या गाड्या सोयीच्या पडतात आणि फिरायच्या दिवशी, बॅगा हॉटेलात असताना, एक मोठी गाडी. आजी-आजोबांना तिसऱ्या रांगेत कधीच बसवू नका. मधली आसनं दुमडून, कंबर वाकवून मागे शिरणं एकदा जमतं. किनारा, दुकान, किनारा असं दिवसात सहा वेळा जमत नाही. त्यांच्यासाठी मधली रांग, खिडकीची जागा, आणि शक्यतो जमिनीपासून फार उंच नसलेली गाडी.

तरुण जोडप्यांना मी स्वराज द्वीपवर स्कूटर सुचवेन. रस्ते थोडे, वाहतूक कमी, आणि हवं तिथे थांबता येतं. दोन अटी मात्र पाळाच. ज्यांच्या परवान्यावर फक्त हलक्या चारचाकीची नोंद आहे त्यांनी स्कूटर घेऊ नये. आपल्याकडे अनेकांनी चारचाकीचा परवाना काढलेला असतो आणि दुचाकी तशीच चालवत असतात. परमुलखात अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडतो. दुसरी अट हेल्मेटची, मागे बसणाऱ्यालाही. स्कूटर ताब्यात घेताना सभोवार मोबाइलनं चित्रफीत काढा, आधीचे ओरखडे दुकानदाराला दाखवून मगच चावी घ्या. अनामत रकमेवरून होणारी बहुतेक भांडणं त्या दोन मिनिटांनी टळतात.

नंबरप्लेटकडे बघायची सवय तर भंडाऱ्यातही लावून घ्यायला हवी. पिवळी पाटी, काळी अक्षरं ही चालकासह भाड्याची गाडी. काळी पाटी, पिवळी अक्षरं ही स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं देण्याची परवानगी असलेली गाडी, गोव्यात ती पदोपदी दिसते. हिरवी पाटी म्हणजे विजेवरची गाडी, तीत अक्षरं पिवळी असतील तर भाड्याची. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी असते आणि ती भाड्यानं देणं बेकायदा आहे. ‘ओळखीतली आहे, दोन हजार कमी पडतील’ म्हणून आपण एमएच-३६ची पांढऱ्या पाटीची गाडी सर्रास नेतो. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. रस्त्यात काही घडलं तर नुकसान भरून द्यायला विमा कंपनी बांधील राहत नाही, आणि मालक-प्रवासी दोघंही उघडे पडतात. गोव्यात चोडण-दिवाडी बेटांच्या फेरीबोटीवर चढवायला स्वस्तातली पांढरी गाडी मिळाली तरी नको म्हणा. परिवहन खात्याच्या मोबाइल अॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि प्रदूषण तपासणीच्या मुदती दिसतात. आगाऊ पैसे पाठवण्याआधी क्रमांक मागवून घ्या. जो क्रमांक द्यायला टाळतो त्याला पैसे देऊ नका.

स्वतः गाडी चालवण्याची हौस असेल तर त्यासाठी अंदमान योग्य ठिकाण नाही, कारण तिथे समुद्र दर दोन दिवसांनी गाडी हातातून काढून घेतो. त्या हौसेला मॉरिशस चांगलं. एकच सलग बेट, आपल्या भंडारा जिल्ह्यापेक्षाही लहान, वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. विमानतळ आग्नेयेला आणि ग्रँड बेसारखी लोकप्रिय ठिकाणं उत्तरेला, त्यामुळे उतरल्या क्षणापासून गाडी हाताशी असण्याचा उपयोग होतो. उसाच्या शेतांतून जाणारे रस्ते अरुंद आहेत, तेव्हा छोटी, ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवसांत गेलात तर गाड्यांचं आरक्षण लवकर करा. निघण्याआधी भंडाऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून घ्या, पासपोर्ट आणि मूळ परवाना घेऊन अर्ज करावा लागतो आणि तो वर्षभर चालतो. करार करताना अपघातात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार तो आकडा विचारा. दिवसाचं भाडं कमी ठेवून हा आकडा फुगवलेला असतो, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात.

पुन्हा अंदमानकडे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून आपली बरीच कुटुंबं मेअखेर किंवा जूनमध्ये निघतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोहोचतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि बोट रद्द झाली की पलीकडच्या धक्क्यावर उभी असलेली तुमची गाडी तुमच्याविना राहते. धानाची मळणी आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत जाणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर एप्रिलअखेरपर्यंत उरका. विमानाच्या आदली रात्र कोणत्याही परिस्थितीत श्री विजयपुरमलाच काढा.

एक समजूत मात्र हंगाम कोणताही असो, आधीच करून घ्यायला हवी. बोट रद्द झाली किंवा तीन तास उशिरा आली तर गाडीचं काय? चालक थांबणार की जाणार, थांबला तर जादा किती, पुढच्या दिवशी तेच पैसे धरणार का, आणि आगाऊ रक्कम परत मिळणार असेल तर किती दिवसांत. हे फोनवर बोलून सोडू नका. व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहून पाठवा आणि पलीकडून ‘हो’ असं लेखी उत्तर येईपर्यंत पैसे रोखून धरा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२०मध्ये सुरू झाल्यापासून तिथलं इंटरनेट सुधारलं आहे, पण बाराटांगच्या वाटेवर आणि किनाऱ्यांवर अजून मोबाइलचा भरवसा नाही. तिन्ही चालकांचे क्रमांक कागदावर लिहून एक प्रत आपल्याजवळ आणि एक घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ ठेवा. सुट्या नोटाही भंडाऱ्याहूनच न्या.

पुढच्या लेखांकात बोटींची तिकिटं : सरकारी की खासगी, आणि किती दिवस आधी.