कोपऱ्यातलं पिल्लू खरंच माणूसघाणं असतं का?

गेल्या महिन्यात रूममेट आणि मी मांजराचं पिल्लू दत्तक घ्यायला जवळच्या शेल्टरमध्ये गेलो होतो. शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत दोन पिल्लं होती. पिवळं धावत जाळीपाशी आलं. करडं मागच्या कोपऱ्यात कान पाडून बसून राहिलं. रूममेट म्हणाली, "पिवळंच घेऊया गं, ते दुसरं माणूसघाणं दिसतंय." मीही मान डोलावली.

आता आम्ही काय केलं ते बघा. पाच मिनिटांचं एक निरीक्षण घेतलं आणि त्यावरून थेट स्वभाव ठरवला. संशोधनाच्या आराखड्यात अशी उडी मारली, तर गाईड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील. का, ते दोन अभ्यासांतून समजून घेऊ.

पहिला अभ्यास 2014 चा, नेदरलँड्समधला. क्लॉडिया विंके आणि सहकाऱ्यांनी शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी 10 मांजरांना लपायला खोकं दिलं, 9 मांजरांना दिलं नाही. मग ठरलेल्या मोजपट्टीवर त्यांचा ताण मोजला. निरीक्षणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकंवाल्या मांजरांचा ताण स्पष्टपणे कमी होता. नमुना लहान आहे, हे लक्षात ठेवा. पण मुद्दा महत्त्वाचा आहे: तुम्हाला दिसणारं वागणं स्वभावाइतकंच जागेवर आणि दिवसावरही अवलंबून असतं.

दुसरा अभ्यास सँड्रा मॅक्यून यांचा, 1995 चा. त्याची रचना वहीत काढून ठेवा, मुलाखतीतही कामाला येईल. पिल्लांचे बाप दोन प्रकारचे: माणसाळलेले आणि न माणसाळलेले. त्या प्रत्येक गटातली काही पिल्लं लहानपणी माणसांनी नियमित हाताळली, काही नाही. झाले चार गट. बोका पिल्लांना वाढवत नाही, त्यामुळे बापाचा परिणाम दिसला तर तो शिकवणीतून आला असं म्हणता येत नाही.

वर्षभराची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली. अनोळखी माणसाजवळ कोण लवकर जातं? हाताळलेली पिल्लं, आणि माणसाळलेल्या बापाचीही. इथेच थांबलो असतो तर 'माणसांची आवड बापाकडून येते' असं लिहून मोकळे झालो असतो. पण मॅक्यूननी आणखी एक चाचणी घेतली: समोर माणूस नाही, फक्त एक नवीन वस्तू. तिच्याजवळही माणसाळलेल्या बापाची पिल्लं लवकर गेली, हाताळणीचा मात्र तिथे फरक पडला नाही. म्हणजे बापाकडून आलेली गोष्ट बहुधा 'माणसांची आवड' नसून एकूणच धीटपणा होता. एका जादा चाचणीने अर्थच बदलला!

आता आमच्या पिल्लांकडे येऊ. आम्ही तिथल्या काकांना विचारलं. पिवळं तीन आठवड्यांपासून तिथेच होतं, स्वयंसेवकांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. करडं आदल्या दिवशीच आलं होतं. म्हणजे दिवस वेगळे, हाताळणी वेगळी, कदाचित बापही वेगळा. इतके घटक एकत्र गुंतलेले असताना आम्ही फक्त स्वभावाला दोष दिला होता.

याचा अर्थ करडं नक्की लाडिक निघेल असा नाही. माणसांची सवय लागण्याचा सगळ्यात नाजूक काळ साधारण 2 ते 7 आठवड्यांचा मानतात आणि करडं दहा आठवड्यांचं होतं. धोका खरा होता. आठवडाभराने आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा ते जाळीपाशी आलं नाही, पण खाणं सोडून पळालंही नाही. आम्ही त्यालाच घेऊन आलो.

सध्या ते पुठ्ठ्याच्या खोक्यात राहतं. मांडीवर अजून येत नाही. आलं तरी त्यावरून काही सिद्ध होणार नाही, कारण आमचा नमुना एकाचा आहे.

तुम्ही शेल्टरमध्ये जाल किंवा पहिला आराखडा लिहाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. मी हे कधी आणि कुठे पाहिलं? याचं दुसरं कारण काय असू शकेल? आणि त्या दोन कारणांना वेगळं करणारी चाचणी कोणती? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका.