एचआयव्हीबाधितांचे भावनिक स्वास्थ्य

एचआयव्ही या विषाणूच्या संसर्गासह जगणाऱ्या व्यक्तींची मनःस्थिती व तीत कालपरत्वे होणारे बदल यांचा विचार या संज्ञेत अंतर्भूत होतो. हा संसर्ग आजन्म टिकत असल्याने मनःस्वास्थ्याचा विचार निदानाच्या क्षणापुरता करून भागत नाही. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेने बाधितांमध्ये अवसादाचे प्रमाण अधिक आढळते. मात्र ते सर्वांत वा सर्वकाळ सारखे नसते.

एड्सची पहिली वैद्यकीय नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. प्रभावी औषध नसल्यामुळे निदान ही मृत्यूची पूर्वसूचनाच मानली जाई. १९९६ पासून अनेक औषधांचा संयुक्त उपचार रूढ झाला व बाधितांचे आयुर्मान वाढले. ज्यांनी नोकरी सोडून, शिल्लक संपवून मृत्यूची तयारी केली होती, त्यांना भविष्याची आखणी नव्याने करावी लागली. त्यांच्या आनंदात गोंधळ आणि गमावलेल्या सोबत्यांविषयीचा शोकही मिसळलेला होता. भारतात पहिले बाधित १९८६ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे आढळले. सरकारी रुग्णालयांतून मोफत विषाणुरोधक उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले.

निदानानंतर धक्का, अविश्वास, भीती, क्रोध व अपराधभाव या प्रतिक्रिया उद्‌भवतात. उपचार व आधार लाभल्यास त्यांची तीव्रता सामान्यतः ओसरते. परंतु ही वाटचाल सरळ रेषेत होत नाही. विवाह, गर्भारपण, जोडीदाराचा मृत्यू, औषध निष्प्रभ ठरणे किंवा मुलांना आजार सांगण्याची वेळ येणे, अशा प्रसंगी जुनी चिंता पुन्हा डोके वर काढते. काही औषधेही मनावर परिणाम करतात. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेंझमुळे निद्रानाश व भयावह स्वप्ने यांचा त्रास होत असे.

मन व शरीर यांचा संबंध येथे दुहेरी असतो. अवसादामुळे औषधे चुकतात. औषधे चुकल्याने विषाणू बळावतो व औषधांना दाद देईनासा होतो. ढासळलेली प्रकृती अवसादात भर घालते. उलटपक्षी, रक्तातील विषाणू नियंत्रणात आला म्हणून मन आपोआप सावरते असेही नाही. सामाजिक कलंकाच्या भीतीने गोळ्या लपवाव्या लागतात व जिव्हाळ्याच्या माणसांपासूनही सत्य दडवावे लागते. पतीमुळे संसर्ग झालेल्या स्त्रीलाच सासरी दोष दिला जाण्याचे व घराबाहेर काढले जाण्याचे प्रकार भारतात घडले आहेत.

नियमित उपचाराने चाचणीत विषाणू न आढळण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. ‘आपण इतरांना धोकादायक आहोत’ ही बोचणी या ज्ञानाने कमी होते. समुपदेशन व समदुःखी व्यक्तींचे गट यांचाही उपयोग होतो. झिंबाब्वेतील हरारे येथे २००६ पासून प्रशिक्षित वयस्क स्त्रिया दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून रुग्णांना अडचणींतून वाट काढण्यास मदत करतात. या पद्धतीने अवसादाची लक्षणे कमी झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. भारतात २०१७ च्या व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने बाधितांविरुद्धच्या भेदभावास मनाई केली असून चाचणीसाठी संमती आणि माहितीची गुप्तता यांना संरक्षण दिले आहे. औषध आयुष्य वाढवू शकते. ते निर्भयपणे जगता येणे मात्र कुटुंब व समाज यांच्या वर्तनावरही अवलंबून असते.