वार्धक्याचा भार कोणी वाहावा?

मनुष्याला दीर्घायुष्य लाभावे ही सर्व काळांतील सर्व समाजांची प्रार्थना. परंतु ती सफल झाली म्हणजे राज्याच्या जमाखर्चात आणि घरोघरच्या सुनांच्या दिनक्रमात केवढी उलथापालथ होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने जपानकडे पाहावे. 1970 साली त्या देशात पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा 7 होते; 1994 साली ते दुप्पट झाले, आणि आज ते शेकडा 29 च्या घरात आहे. ज्या स्थित्यंतरास फ्रान्सला शतकाहून अधिक काळ लागला, ते जपानात 24 वर्षांत घडून आले.

1961 साली जपानने सर्व नागरिकांना निवृत्तिवेतनाच्या योजनेत आणले. तीत तरुण कामगाराची वर्गणी त्याच्या नावे अनामत म्हणून पडून राहत नाही. ती बहुतांशी त्याच सुमारास आजच्या वृद्धांच्या हाती पडते. 1950 साली एका वृद्धामागे कर्त्या वयाची 12 माणसे होती. आज दोनच आहेत. तेव्हा तरुणांवर बोजा वाढवावा, वृद्धांना कमी द्यावे की खजिन्यातून भर घालावी, हा प्रश्न अटळ होता. 2004 च्या कायद्याने पगारदारांची वर्गणी वेतनाच्या शेकडा 18.3 वर थांबविली, ज्यातला अर्धा भाग मालकाने भरावयाचा. निवृत्तिवेतनाची वाढ पगार व महागाईच्या वाढीपेक्षा मंद ठेवण्याची तजवीज केली. आणि पुढे 2009 पासून मूळ निवृत्तिवेतनाचा निम्मा खर्च सरकारने उचलला. तिन्ही बाजूंनी थोडे थोडे सोसून योजना टिकली खरी.

परंतु ज्याला अंथरुणावर कूसही बदलता येत नाही, त्याची निकड नुसत्या पैशाने भागत नाही. त्याला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात पिढ्यान्‌पिढ्या सुनेचा होता. आरियोशी सावाको या लेखिकेने 1972 साली, स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या एका नोकरदार सुनेची कथा कादंबरीतून मांडली, तेव्हा तिच्या लाखो प्रती खपल्या. कारण ते दुःख घरोघरचे होते. पुढल्याच वर्षी सरकारने सत्तरीपुढील वृद्धांना औषधोपचार विनामूल्य केले. परिणाम असा झाला, की ज्यांना उपचारांची नव्हे तर केवळ सांभाळाची गरज होती, असे वृद्ध महिनोन्‌महिने इस्पितळांतील खाटांवर राहू लागले आणि खर्च बेसुमार वाढला.

या अनुभवातून 1997 साली शुश्रूषा-विम्याचा कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून तो अंमलात आला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरावयाचा. योजनेचा निम्मा खर्च हप्त्यांतून, निम्मा करांतून. गरज भासली म्हणजे स्थानिक पालिकेकडे अर्ज करावयाचा. मग तिचा माणूस घरी येऊन 74 बाबींची चौकशी करतो: कूस बदलता येते का, स्वतःची नखे कापता येतात का, स्वतःचे नाव सांगता येते का, सध्या ऋतू कोणता हे उमगते का. या उत्तरांवरून आणि डॉक्टरांच्या अभिप्रायावरून एक समिती सात श्रेणींपैकी एक ठरविते, आणि त्यानुसार घरी येणारी सेविका, दिवसाचे सेवाकेंद्र वा निवासी संस्था उपलब्ध होते. वृद्धाने खर्चाचा दहावा हिस्सा द्यावयाचा. मिळकत अधिक असेल तर दोन वा तीन दशांश.

या कायद्यातील एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. जर्मनीने 1995 साली असाच विमा सुरू केला, तेव्हा घरच्या माणसाने सेवा केल्यास रोख रक्कम देण्याची सोय ठेवली. जपानमध्ये स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या हिगुची केइको यांच्यासारख्या स्त्रियांनी अशा सोयीला विरोध केला. रोकड दिली तर तिच्या निमित्ताने सूनच पुन्हा खाटेशी बांधली जाईल, हे त्यांचे म्हणणे मान्य होऊन जपानने पैसा नव्हे, सेवाच द्यावयाचे ठरविले.

अडचणी अर्थातच उरल्या. पासष्टीपुढील व्यक्तीचा सरासरी मासिक हप्ता प्रारंभी 2,911 येन होता, तो आता 6,225 येन आहे. आणि तो बहुधा निवृत्तिवेतनातूनच वळता होत असल्यामुळे, ज्या थैलीत आवक मंदावली आहे तिच्यातूनच जावक वाढते आहे. वेतन तुटपुंजे म्हणून सेवक मिळत नाहीत. इंडोनेशिया, फिलिपाइन्स व व्हिएतनाममधून माणसे आणावी लागतात. आणि अजूनही दरवर्षी सुमारे लाखभर लोक घरच्या वृद्धासाठी नोकरी सोडतात.

आपल्याकडे दरिद्री वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतील व्यक्तीमागे दरमहा अवघा 200 रुपये आहे. आणि वृद्धांच्या सांभाळाविषयीचा 2007 चा कायदा तो भार मुख्यतः मुलाबाळांवरच टाकतो. मुलगा परगावी आणि सून कामावर, अशा घरात त्या कायद्याचा हुकूम बजावूनही वृद्धाची कूस बदलणार नाही. आपल्याकडे अद्याप तरुणांची संख्या मोठी आहे. ती मोठी आहे तोवरच हप्त्यांची गंगाजळी उभारावी, सेविकांना शिक्षण व रास्त वेतन द्यावे, आणि घरातील स्त्री आजवर विनामोबदला करीत आली ते काम सार्वजनिक जबाबदारी म्हणून सरकारदरबारी नोंदवावे. कारण वृद्धांची संख्या वाढल्यावर ही तयारी करू म्हटले, तर जपानइतका पैसा आपल्यापाशी असणार नाही.